तंबूमुक्काम, पवन मावळातील

पवना धरणाच्या काठी आणि लोहगड, तिकोना, तुंग या किल्ल्यांच्या पायथ्याला तंबू ठोकून रात्र काढणे. बोलीत सरसकट ‘कॅम्पिंग’. अशा मुक्कामाचा पाण्यावर, मातीवर आणि रानावर पडणारा भार कमी करण्यापुरती ही नोंद आहे.

धरणातून सोडलेले पाणी पवनेच्या उघड्या पात्रातून वाहत बेगडेवाडी रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेला शिरगाव, गहुंजे मागे टाकते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडच्या नळांसाठी उचलले जाते. हे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्यास मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या पाण्यासाठी एवढे घडले, त्याच्या काठावर बसून रश्शाचे तेलकट पातेले खळबळणारे बहुधा खालच्या नळाचेच गिऱ्हाईक असतात.

काठ म्हणजे तरी काय? हिवाळ्यानंतर पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या उतारावर तंबू उभे राहतात. मे महिन्यात जिथे चूल पेटली, तिथे ऑगस्टमध्ये पाणी असते. तेव्हा काठावर कचरा पुरणे म्हणजे तो उशिराने धरणात टाकणेच. भांडी पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, आधी राखेने वा कागदाने पुसून, मग डब्यातल्या पाण्याने घासावीत. खरकटे पाणी मातीवर शिंपडावे. शौचासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, असा जगभरचा दंडक. पण सह्याद्रीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, बोटभर मातीखाली काळा पाषाण लागतो. तिथे गावातले किंवा मुक्कामाच्या जागेचे शौचालय गाठणे हाच उपाय. पावसाळ्यात याच पातळ मातीत ‘दवबिंदू’सारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, म्हणून तंबू सड्यावर नको. मळलेल्या जागी किंवा मालकाला विचारून पड शेतात ठोकावा.

शेकोटीची हौस सर्वांत महाग पडते. फेब्रुवारीनंतर डोंगरउतारावरचे वाळके गवत ठिणगीची वाटच पाहत असते. राखीव वनात वणव्याचा धोका होईल असा विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. स्वयंपाकाला छोटा गॅस पुरतो. त्याहून बरे म्हणजे गावातल्या घरी पिठलं-भाकरी सांगावी: पाकिटे येत नाहीत आणि पैसा गावात राहतो. नूडल्सचे पाकीट दाताने फाडताना निघणारा तो चिमूटभर तिकोनी तुकडा कुणाच्याच पिशवीत परत जात नाही. सकाळी तंबूची जागा ओणवे होऊन पाहिली की गवतात असे तुकडे हमखास सापडतात. पाकिटे घरीच सोडवून जिन्नस डब्यात भरून आणावेत.

उजेड आणि आवाज यांचाही कचरा होतो. मेअखेरीपासून काजवे लुकलुकतात ते जोडीदार शोधण्यासाठी. प्रखर बॅटरीपुढे त्यांची खूण विरून जाते. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात; धुराने ती उठली तर पळायला वाट नसते. लोहगड व त्याच्या शेजारचा विसापूर ही केंद्र संरक्षित स्मारके असल्याने मुक्काम पायथ्यालाच करावा.

येण्यासाठी लोकल पुरेशी आहे. देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधल्या बेगडेवाडीहून लोणावळ्याकडची गाडी धरून लोहगडासाठी मळवलीला, धरणाजवळच्या पवनानगरसाठी कामशेतला उतरावे. पाठीवर मावेल तेवढेच सामान येते, त्यामुळे स्पीकर आपोआप घरी राहतो.