पांढरी, काळी आणि शुश्रूषागृह : वऱ्हाडातील स्थाननियमांचा पूर्वेतिहास

मंगरूळपीर या ग्रामनामातील ‘पीर’ हे उत्तरपद दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचे निदर्शक असून वऱ्हाडातील इतर मंगरुळांपासून हे गाव त्यायोगे वेगळे ओळखले जाते. अशा गावांत रुग्ण व निराधार माणसाने कोठे राहावे, याचे उत्तर कायद्याच्या पुष्कळ आधी भाषेने देऊन ठेवले होते. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. आणि महारोग्याची जागा गावकुसाबाहेर. पुढील स्थाननियमांनी ही विभागणी मोडली की केवळ नव्या शब्दांत लिहिली, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न होय.

पहिला लेखी नियम इमारतीविषयी नव्हता, माणसाविषयी होता. 1898 च्या महारोगी अधिनियमाने निराधार महारोग्यास अटक करून आश्रमात पाठविण्याचा अधिकार दिला. तसेच खाद्यपदार्थ विकण्यास तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणे इत्यादी गोष्टी त्यास वर्ज्य करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. हा अधिनियम केंद्राने 2016 साली रद्द केला. विदर्भातील सेवाकेंद्रे याच काळात उभी राहिली : 1936 साली मनोहर दिवाण यांचे वर्ध्याजवळील दत्तपूर, 1946 साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबा आमटे यांचे वरोऱ्याजवळील आनंदवन. संस्थापकांची वृत्ती बहिष्काराची नव्हती, हे सांगणे नकोच. तथापि जागा त्यांना मिळाली ती वस्तीबाहेरचीच. मुंबईत 1890 साली माटुंग्यास स्थापन झालेले ॲकवर्थ रुग्णालय असेच शहराच्या कडेला होते. पुढे शहरच त्याच्याभोवती वाढले.

दुसरी परंपरा इंग्लंडमधून आली. तेथील 1927 च्या कायद्याच्या धर्तीवर मुंबई राज्याने 1949 साली शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम केला. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात असल्याने तो येथे लागू होणे शक्य नव्हते. नोंदणी नाकारण्याच्या कारणांत बांधकाम, कर्मचारी व साधनसामग्री यांच्या जोडीने ‘जागेचे स्थान’ हेही कारण त्यात आले. येथे दृष्टी पालटली : माणूस कोठे असू नये हे न विचारता, घर कोठे असल्यास रुग्णास सोयीचे, हे विचारले गेले. व्याख्येत आजार व इजा यांबरोबर दुर्बलतेचाही समावेश आहे. परंतु उपचार आणि शुश्रूषा ही दोन्ही असली पाहिजेत. केवळ निवास व भोजन देणारा वृद्धाश्रम म्हणून या व्याख्येत सहजी बसत नाही. (‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, सेवा हा अर्थ नंतरचा. वृद्धाश्रमाकडून अपेक्षा बहुधा मूळ अर्थाचीच असते.)

तिसरा धागा नगररचनेचा. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने भूवापराचे विभाग पाडण्यास आधार दिला. त्याच वर्षीच्या जमीन महसूल संहितेने शेतजमिनीच्या अकृषिक वापरास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली. काळीवर घर बांधणे अशा रीतीने परवानगीचा विषय झाले. 2 डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने मंगरूळपीरसारख्या नगरपरिषदांनाही समान नियम लावले. त्यांत कोणता वापर कोठे चालेल, हे बव्हंशी रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून ठेवले आहे.

रुंदीचा हा निकष वरकरणी निःपक्षपाती आहे, आणि जुन्या बहिष्कारापेक्षा तो निश्चित बरा. परंतु स्थाननियम माणसामाणसांत भेद करू शकतात, हे अमेरिकेत स्पष्ट झाले आहे. टेक्ससमधील क्लिबर्न नगराने वृद्धांच्या शुश्रूषागृहास जी विशेष परवानगी लावली नव्हती, ती मतिमंदांच्या निवासगृहास लावली. 1985 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात ती अट अवैध ठरविली.

वऱ्हाडात भेद शब्दांत नाही, आकारात आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवासगृहाची कल्पना मांडते. वाशीम हा 1 जुलै 1998 पासून स्वतंत्र जिल्हा असल्याने त्याच्या वाट्यास असे किमान एक गृह येते. दीडशे माणसांची इमारत जुन्या गावठाणाच्या अरुंद बोळांत मावणे कठीण. रुंद रस्ता व मोकळी जमीन पाहू गेल्यास ती गावाबाहेरच सापडते. दहा-बारा वृद्धांचे घर पांढरीत, ओळखीच्या शेजारात सहज राहू शकले असते. पण कलम 19 मधील आकडा तेवढ्या लहान घराचा विचार करीत नाही.