न फवारलेला वाफा

अमेरिकेच्या मका पट्ट्यात, म्हणजे आयोवा-इलिनॉय भागात, तणनाशकं येण्याआधी पेरणीच्या वेळी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठींची तार ताणत. गाठ आली की पेरणीयंत्राची कळ दाबली जाई आणि तीन-चार दाणे एका जागी पडत. मका फुलीवर उभा राही. हेतू एकच, कोळपं उभंही चालावं आणि आडवंही. आपल्याकडे कपाशी फुलीवर लावत तीही याच हिशेबाने. त्या काळी तणाच्या बंदोबस्ताची तुलना म्हणजे कोणाची कोळपणी वेळेवर झाली, एवढंच.

1945 मध्ये टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आलं. रुंद पानांची तणं पिळवटून मरत, मका तगून राही. पण मका गवतवर्गातला म्हणून वाचतो, तर शेतातली बाकीची गवतंही वाचणारच! रुंद पानांची गर्दी हटली आणि गवतांना मोकळं रान मिळालं. ‘कोणतं औषध चांगलं?’ हा प्रश्न तिथेच अपुरा ठरला. ‘कोणत्या तणावर?’ हे विचारणं भाग पडलं.

1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीच्या ॲट्राझीनची अमेरिकेत नोंदणी झाली. ते तणाच्या पानातलं प्रकाशसंश्लेषण रोखतं, मक्याच्या पेशी मात्र त्याला ग्लुटाथायोन या रेणूशी बांधून निकामी करतात. रुंद पानांबरोबर बरीच हंगामी गवतंही त्याने आटोक्यात आली.

या साऱ्या तुलनेत माझ्या मते सर्वांत मोलाचा असतो तो औषध न मारलेला वाफा. प्रयोगात प्रत्येक औषधाचे वाफे चिठ्ठी टाकल्यासारखे विखरून मांडतात, मांडणी तीन-चार वेळा करतात आणि प्रत्येक मांडणीत एक वाफा तणाला मोकळा सोडतात. अर्धा मीटर बाजूची चौकट वाफ्यात टाकायची, आतलं तण जमिनीलगत कापायचं, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. मोकळ्या वाफ्यात 200 ग्रॅम आणि फवारलेल्यात 30 ग्रॅम भरलं, तर नियंत्रण 85 टक्के. आकडा औषधाच्या नावावर जमा होतो, पण त्यात त्या वर्षीचा पाऊस, ती जमीन, तिथलं तण असं सगळं मुरलेलं असतं. पेरणीनंतर लगेच मारलेल्या ॲट्राझीनला ओल लागते. पावसाने ताण दिला की तेच औषध फिकं पडतं. मोकळा वाफाच नसेल, तर तण औषधाने मेलं की मुळात उगवलंच कमी, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय आकडा जुना होतो. 1970 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेतलं ग्राउंडसेल हे तण सिमाझीन आणि ॲट्राझीन या तणनाशकांना जुमानत नसल्याची नोंद प्रसिद्ध झाली. 1998 मध्ये ग्लायफोसेट हे सरसकट तणं मारणारं औषध सहन करणारा जनुकबदल मका आला, तेव्हा आता तुलना करायची गरजच संपली असं अनेकांना वाटलं. 2005 मध्ये जॉर्जियातल्या कपाशीत ग्लायफोसेटला दाद न देणारं पामर माठ हे तण सापडलं आणि तुलनेचे तक्ते पुन्हा आखावे लागले. दरम्यान मेसोट्रायोन हे नवं तणनाशक आलं होतं. बॉटलब्रशच्या झाडाखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, या निरीक्षणातून त्याचा शोध सुरू झाला होता.

आपल्याकडे मक्यात उगवणीपूर्वी ॲट्राझीन आणि उभ्या पिकात तण कोवळं असताना टेंबोट्रायोन किंवा टोप्रामेझोन वापरतात. जमिनीत गाठी असलेला लव्हाळा ॲट्राझीनने हटत नाही, हे शेतकऱ्याला पाठ आहे. पण वर्षानुवर्षं तेच औषध मारताना बाकीची तणं किती मरतात, हे मोजून कोण पाहतं? म्हणून एक विनंती. येत्या खरिपात मक्यावर फवारणी कराल तेव्हा मधली दोन तासं कोरडी सोडा, महिन्याभराने दोन्हीकडचं तण उपटून तोला आणि ते वजन तारखेसह वहीत लिहून ठेवा.