नाईल कुणाकडे आहे?

मोहोपाड्याहून पनवेलला जाताना एस्टीत आमचा ठरलेला खेळ म्हणजे गावांच्या भेंड्या. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर... च्यायला, सगळ्यांचा शेवट 'र'वर! रोहा, रत्नागिरी संपले की आमचा हुकमाचा एक्का - रसायनी. तात्पर्य, गावं तोंडपाठ. पण इंग्रजीत कुणाला काही विचारायचं म्हटलं की त त प प.

हल्ली शनिवारी गावी दहावी झालेल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. एचओसीचा इथला बहुतेक कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. घराजवळची ती नोकरी गेली, आता मुलाखतीला बाहेर जायचं म्हणजे बोलायला हवं. म्हणून जगातल्या शहरांचे पत्ते बनवले. आठ शहरं, प्रत्येकी चार पत्ते: देश, नदी, चलन, वास्तू. पोरांनी पत्ते पसरले, पाच मिनिटांत चौकड्या लावल्या आणि गप्प बसली. एक अक्षर इंग्रजी नाही!

मग म्हटलं, आपल्याआधी कुणीतरी हे केलं असेलच. तर मंडळी, थॉमस मुर्नर नावाच्या साधूने १५०७ मध्ये क्राकोला पत्त्यांवर चक्क तर्कशास्त्राचं पुस्तक छापलं. १६४४ मध्ये फ्रान्सच्या कार्डिनल माझारँने बाल राजा चौदाव्या लुईसाठी शिकवणीचे पत्ते करून घेतले. मजकूर देमारेचा, चित्रं स्तेफानो देला बेलाची. त्यातला एक जोड भूगोलाचा: चार खंडांचे चार रंग आणि प्रत्येक पत्त्यावर एका देशाची माहिती. सुंदर काम, पण माझ्या पत्त्यांचीच गत. सगळं पत्त्यावरच लिहिलेलं, मग विचारायचं काय?

उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडलं. जॉन जॅक्सच्या 'हॅपी फॅमिलीज'मध्ये कुटुंब जमवायचं तर हवा तो पत्ता दुसऱ्याकडे मागावा लागतो. नसेल तर उत्तर, 'नॉट ॲट होम'. अहो, म्हणजे आपण मे महिन्याच्या सुट्टीत खेळायचो तेच की! भाषा शिकवणाऱ्यांनी ही युक्ती पुढे वर्गात आणली. बंगळूरला एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात शाळांमधून जो प्रयोग केला, त्यात अशी कामं होती: एकाकडे माहिती, दुसऱ्याला तिची गरज. व्याकरणाचे धडे नाहीत. गरज पडली की वाक्य येतं, हा हिशोब.

पुढच्या शनिवारी नियम बदलला. पत्ते हातात लपवायचे, इंग्रजीत पूर्ण वाक्यात मागायचे, मराठी आलं की डाव पुढच्याचा. महिनाभर तोंड न उघडलेली एक मुलगी कैरोचे तीन पत्ते धरून बसली होती. दोनदा डाव गेला. तिसऱ्यांदा म्हणाली, "हू हॅज नाईल?"

'द' राहिला. मी गप्प बसलो. समोरच्या पोराने तोंड वाकडं करत पत्ता दिला.

असो. पुढच्या खेपेला मुंबईबरोबर मोहोपाड्याचेही चार पत्ते करतोय. नदीच्या जागी अर्थात पाताळगंगा!