धुराड्याचा खर्च

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात विल्यम ब्लेकच्या चिमणी साफ करणाऱ्या मुलांवरील दोन कविता शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. नळी इतकी अरुंद होती की तिच्यात पाच-सहा वर्षांचे मूलच शिरू शकत होते, तर ती नळी रुंद का केली नाही? प्रश्न भाबडा वाटतो. आम्ही शिकवणारे मग ‘निरागसता’ आणि ‘अनुभव’ या परिचित जोडीकडे वळतो, औद्योगिक क्रांतीचे दोन शब्द बोलतो आणि तास पुढे सरकतो. परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये नेमका हाच प्रश्न संसदेत विचारला गेला होता आणि त्याला दिले गेलेले उत्तरही नोंदलेले आहे. ते उत्तर काव्यशास्त्रात नव्हे, गवंड्याच्या हिशेबात सापडते. प्रस्तुत लेखात आम्हाला त्या हिशेबाकडे पाहायचे आहे.

प्रथम वास्तूविषयी थोडे. आपल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून, फार तर छपरातल्या धुराड्यातून वाट काढतो. ‘चिमणी’ म्हटले की आपल्याला गिरणीचे उंच धुराडे आठवते, नाही तर रॉकेलचा मिणमिणता दिवा. लंडनच्या घरातली चिमणी याहून वेगळी. तिथे चार मजल्यांच्या घरात जवळजवळ प्रत्येक खोलीला भिंतीत बसवलेली शेकोटी असे आणि प्रत्येक शेकोटीला स्वतःची नळी. खालच्या मजल्यावरची नळी वरच्या खोलीतल्या शेकोटीला वळसा घालून चढे. अशा अनेक नळ्या भिंतीच्या पोटातून, मध्ये विटांची पातळ पडदी ठेवून वर जात आणि छपरावर एका धुराड्यात एकत्र येत. म्हणजे चिमणी ही घरावर ठेवलेली वस्तू नव्हती. ती घराच्या आतली दुसरी, काळोखी इमारतच होती.

ही नळी अरुंद झाली ती कोळशामुळे. लाकडाच्या मोठ्या जाळाला ऐसपैस धुराडे चाले. दगडी कोळशाला मात्र जोराची ओढ लागते, आणि ती अरुंद नळीत चांगली मिळते. १६६६ साली लंडनला लागलेल्या आगीत १३ हजारांहून अधिक घरे जळाली आणि १६६७ च्या कायद्याने नवी घरे विटांची वा दगडाची बांधणे बंधनकारक केले. पुढील शतकभरात उभ्या राहिलेल्या या विटांच्या शहरात चौदा इंच बाय नऊ इंच हे नळीचे नेहमीचे माप झाले. नऊ इंच बाय नऊ इंचांच्या नळ्याही पुष्कळ होत्या. आपल्या हाताची वीत साधारण नऊ इंच भरते, हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

नळीला आतून गिलावा करीत. त्यात चुन्याबरोबर शेण मिसळण्याची जुनी पद्धत होती. आपल्या घरच्या सारवणाशी जुळणारा हा तपशील वाचताना आम्हाला मौज वाटली. शेणामुळे गिलावा लवचीक राही आणि उष्णतेने लवकर तडकत नसे. तरीही कोळशाच्या धुरातली आम्लद्रव्ये कालांतराने चुना खात, सांधे मोकळे होत, पडदीला छिद्रे पडत आणि एका खोलीतला धूर दुसऱ्या खोलीत निघे. काजळी साचून आत आग लागण्याचे भय तर कायमचेच. अशा वेळी मालकापुढे दोन मार्ग असत. पहिला म्हणजे भिंत फोडून नळी मोकळी करणे, वळणे काढणे, पुन्हा विटा रचणे आणि नवा गिलावा करणे. त्यात परांची आली, गवंड्याची मजुरी आली, खोल्यांच्या लाकडी तावदानांची मोडतोड आली, कित्येक दिवस घर वापराबाहेर राहणे आले. शिवाय नळी शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत असेल तर त्याची संमतीही आली. दुसरा मार्ग म्हणजे झाडलोट करणाऱ्या उस्तादाला बोलावणे आणि त्याच्याकडचे मूल नळीत चढवणे.

दुसरा मार्ग किती स्वस्त होता, हे चार्ल्स डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या (१८३७–३९) आरंभीच दाखवले आहे. ऑलिव्हरला घेऊन जाणाऱ्यास अनाथालय पाच पौंड द्यायला तयार असते. गॅमफील्ड नावाचा चिमणीवाला त्याला मागायला येतो, तेव्हा कामाच्या वाईटपणाचे कारण सांगून मंडळाचे सभासद ती रक्कम कमी करून घेतात. येथे मूल विकत घेतले जात नाही. ते नेण्याबद्दल वर पैसे मिळतात. ज्या हिशेबात भिंत फोडण्याला किंमत आहे आणि मुलाला उणे किंमत आहे, त्या हिशेबाचा निकाल आधीच लागलेला असतो.

मुलांचे काय होई, हे अज्ञात नव्हते. कोपरे आणि गुडघे सोलवटून निघत, ती निबर व्हावीत म्हणून आगीसमोर उभे करून मिठाच्या पाण्याने चोळत. मुले वळणावर अडकत, काजळीखाली गुदमरत. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच चिमणी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. विशिष्ट व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचे ते पहिले वर्णन मानले जाते. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुले कामावर ठेवण्यास मनाई केली. अंमलबजावणीची व्यवस्था मात्र केली नाही. ब्लेकची पहिली कविता त्याच्या पुढच्याच वर्षी, १७८९ साली आली आणि दुसरी १७९४ साली. या दोन कवितांच्या दरम्यान कायदा अस्तित्वात होता, हे आपण वर्गात क्वचितच सांगतो.

पर्यायही अज्ञात नव्हता. १८०३ साली या मुलांची गरजच संपावी या उद्देशाने लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली, आणि त्याच काळात जॉर्ज स्मार्ट याने पोकळ दांड्या एकात एक बसवून वर सरकवता येणारा ब्रश तयार केला. १८२८ साली जोसेफ ग्लास याने त्याहून लवचीक साधन आणले; आजचे ब्रशही मूलतः त्याच धर्तीचे आहेत. १८१७ साली कॉमन्स सभेच्या समितीने साक्षी नोंदवल्या, तेव्हा बहुतेक चिमण्या यंत्राने साफ होऊ शकतात असेच निष्पन्न झाले. अडचण होती ती उरलेल्यांची: जुन्या, वाकड्यातिकड्या, आडव्या टप्प्यांच्या नळ्यांची. त्या बहुधा मोठ्या घरांत होत्या. म्हणजे ज्यांना दुरुस्ती परवडण्यासारखी होती त्यांच्याच घरांत.

मुलांना चढवण्यास मनाई करणारे विधेयक कॉमन्सकडून लॉर्ड्सकडे गेले आणि १८१९ साली तिथे फेटाळले गेले. त्याच वर्षी ‘एडिनबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात सिडनी स्मिथ यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा असे आम्हाला वाटते. स्मिथ हे धर्मोपदेशक, विनोदी लेखक आणि त्या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. समितीसमोरच्या साक्षी ते एकामागून एक मांडतात, आणि श्रीमंतांच्या मेजवानीशेजारी त्या मुलांचे हाल ठेवून वाचकाला अस्वस्थ करतात. शेवटी मात्र ते म्हणतात की विधेयक फेटाळले हे योग्यच झाले, कारण दयाभाव अलीकडचा आहे आणि चिमण्या जुन्या आहेत. जुन्या घरांतल्या कित्येक चिमण्या दुसऱ्या रीतीने साफच होऊ शकत नाहीत. हा उपरोध आहे की शरणागती, यावर वाद घालता येईल. आमच्या मते तो दोन्ही आहे. युक्तिवादाचा निर्लज्जपणा लेखकाला दिसतो, आणि तरीही तो युक्तिवाद त्याला ओलांडता येत नाही.

आता, खर्च खोटा होता असे आम्हाला म्हणायचे नाही. जुन्या घराच्या पोटातली नळी बदलणे हे खरोखरच जिकिरीचे काम होते आणि अयोग्य बदलामुळे आगीचा धोका वाढण्याची भीतीही निराधार नव्हती. परंतु इंग्रज गृहस्थ आपल्या चिमणीला हातच लावत नव्हता, हे मात्र खरे नाही. १७९६ साली काउंट रमफर्ड यांनी शेकोटीची रचना सुधारण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. शेकोटीची खोली कमी करावी, बाजू तिरक्या कराव्यात आणि धुराच्या वाटेचा गळा अरुंद करावा, म्हणजे खोलीत धूर येत नाही आणि उष्णता अधिक मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लंडनच्या संपन्न घरांत या सुधारणेची फॅशनच आली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त नायिका जुन्या मठात गूढ, भव्य शेकोटीची अपेक्षा करते आणि तिला दिसते ती रमफर्ड पद्धतीची आटोपशीर चौकट. या विनोदाकडे आपण गॉथिक कादंबरीचे विडंबन म्हणून पाहतो. घरमालकाने आपल्या सुखासाठी गवंडी बोलावला होता, याचा तो पुरावाही आहे. रमफर्डची दुरुस्ती तोंडाशीच होती, तुलनेने स्वस्त होती, हे मान्य. पण गळा अरुंद करण्यासाठी विटा हलल्या. मुलासाठी वळण काढायचे म्हटले, की त्याच विटा मालमत्तेच्या पावित्र्याचा प्रश्न झाल्या.

पुढचे कायदे या दृष्टीने वाचले, की त्यांची भाषा बोलू लागते. १८३४ आणि १८४० च्या कायद्यांनी नळीचे किमान माप चौदा बाय नऊ इंच, मधली पडदी किमान अर्ध्या विटेची, आतून गिलावा, अशा अटी घातल्या. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही चिमणीत चढवण्यास मनाईही केली. परंतु बांधकामाच्या अटी होत्या त्या यापुढे बांधल्या वा पुन्हा बांधल्या जाणाऱ्या चिमण्यांसाठी. जुनी नळी आहे तशी ठेवणाऱ्या मालकावर कोणताच खर्च पडत नव्हता. पडत होता तो सुधारणा करू पाहणाऱ्यावर. साहजिकच जुन्या नळ्या राहिल्या आणि मुलेही राहिली.

चार्ल्स किंग्जलीच्या ‘द वॉटर-बेबीज’मध्ये (१८६३) टॉम नावाचा मुलगा एका मोठ्या वाड्याच्या चिमण्यांत वाट चुकतो. चुकतो का? तर पिढ्यान्‌पिढ्या जोडकाम आणि फेरफार होऊन त्या नळ्या एकमेकींत मिसळल्या आहेत म्हणून. अर्धवट दुरुस्त्यांच्या त्या चक्रव्यूहातून तो भलत्याच खोलीत, एका मुलीच्या पांढऱ्याशुभ्र शयनगृहात उतरतो आणि तिथल्या आरशात स्वतःचे काळे रूप प्रथमच पाहतो. कादंबरीनंतर १८६४ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांनी आणखी एक कायदा झाला, तोही दुबळाच ठरला. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील रुग्णालयाच्या चिमणीत जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. त्याला बाहेर काढण्यासाठी भिंत फोडावी लागली. तो वाचला नाही. त्याच्या मालकाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने चिमणीवाल्यांना पोलिसांकडून परवाना घेणे सक्तीचे केले आणि ही प्रथा अखेर थांबली. जी भिंत फोडणे सत्तर-ऐंशी वर्षे महाग वाटत होते, ती त्या दिवशी काही वेळात फोडली गेली, हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.

आज ब्रिटनमध्ये जुने घर घेणाऱ्यास हाच खर्च वेगळ्या रूपात भेटतो. शेणचुन्याचा गिलावा झडलेला असतो, विषारी वायू खोलीत झिरपण्याचा धोका असतो, आणि मग नळीत मातीचे पाइप बसवायचे की स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडायची, परांची किती उंच लागेल, वळणे किती आहेत, यांवर अंदाजपत्रक ठरते. आत काय मोडले आहे ते पाहण्यासाठी दांड्याच्या टोकाला कॅमेरा लावून वर सोडतात. दोनशे वर्षांपूर्वी तिथे मुलाचे डोळे जात होते. बिल हजारो पौंडांचे होते आणि मालक कुरकुरत का होईना ते भरतो, कारण त्याला आता स्वस्त पर्याय उरलेला नाही.

तेव्हा वर्गातल्या त्या भाबड्या प्रश्नाला उत्तर आहे. नळी रुंद केली नाही, कारण ती रुंद करण्याचा खर्च मालकाने द्यायचा होता आणि न करण्याचा खर्च दुसराच कोणी देत होता. हा हिशेब केवळ चिमणीपुरता नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही; जिथे यंत्र पोचत नाही म्हणून माणूस उतरवला जातो अशा जागा त्यांना ठाऊक असतात. ब्लेकची कविता शिकवताना काजळी आणि देवदूत यांच्याबरोबर चौदा बाय नऊ इंचांचा तो चौकोनही एकदा फळ्यावर खऱ्या मापाने काढावा. पुढचे बोलणे विद्यार्थीच करतील.