वढूचं माहेर

मंडळी, २०२३ साली आमच्या शहराचं नाव बदललं, आणि तेव्हापासून गप्पांमध्ये संभाजीराजांचा विषय निघाला की वढू बुद्रुक हे गाव ओघानंच येतं. पुणे जिल्ह्यात, भीमेच्या काठचं हे गाव. राजांची समाधी तिथे आहे. त्याच वढूत आणखी एक जागा आहे. तिचं नाव 'माहेर'. ती सुरू केली एका कॅथलिक सिस्टरने. सिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी शाळा आणि पट्टी घेतलेल्या बाई उभ्या राहतात. म्हणून आज हा इतिहास जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात होते ती फार दूर, आल्प्स पर्वताच्या सॅव्हॉय प्रांतात. आज तो भाग फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा तिथे सार्डिनियाच्या राजाचा अंमल होता. तिथल्या शावानो नावाच्या खेड्यात १८३८ साली क्लोदीन एशर्निये या बाईंनी फादर मेर्मिए यांच्या साथीने धर्मभगिनींचा एक संघ काढला. त्यांचं काम खेड्यातलं, गोरगरिबांतलं. याच मेर्मिएंनी त्याच साली संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने धर्मगुरूंचाही संघ काढला. आपल्या शहरातली 'एस.एफ.एस.' शाळा याच संताच्या नावाची! क्रूसाच्या या भगिनी १८८६ साली भारतात आल्या. पुढे त्यांच्या शाळा निघाल्या, नावारूपाला आल्या, आणि खेड्यातून निघालेलं काम बरंचसं शहरातल्या भिंतींच्या आत स्थिरावलं.

सिस्टर होणं म्हणजे तीन व्रतं घेणं : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिली दोन कठीण वाटतात खरी, पण मला विचाराल तर तिसरं सगळ्यांत अवघड. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मोठं पाऊल उचलता येत नाही.

याच संघातल्या सिस्टर ल्युसी कुरियन. मूळच्या केरळातल्या. पुण्यात काम करत होत्या. १९९१ साली एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा जिवावर उठलाय, आजची रात्र आसरा द्या, एवढंच तिचं मागणं. कॉन्व्हेंटमध्ये बाहेरच्या कुणाला ठेवून घेण्याचा अधिकार सिस्टरांना नव्हता. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. सिस्टरांनी तिला दवाखान्यात नेलं, पण ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली.

नियमाप्रमाणे सिस्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. पण नियम पाळून माणूस वाचत नसेल तर काय करायचं? या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. पुढची काही वर्षं जागा आणि पैसा जमवण्यात गेली. पुण्यातले जेझुइट विद्वान फादर फ्रान्सिस डिसा पाठीशी उभे राहिले. अखेर २ फेब्रुवारी १९९७ रोजी वढूत 'माहेर' सुरू झालं. बायकांसाठी सुरू झालेल्या या कामात पुढे मुलं, वृद्ध, मनोरुग्ण असे सगळेच आले, आणि महाराष्ट्राबाहेरही घरं उघडली. २०१६ साली सिस्टरांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

गावात सुरुवातीला संशय होताच. या बाई धर्म बदलायला आल्या असणार! 'माहेर'ने त्यावर भाषणं केली नाहीत. सगळ्या धर्मांचे सण तिथे साजरे होतात, जात विचारली जात नाही. संशयाला उत्तर असंच द्यावं लागतं.

मला भावतं ते नाव. आपल्याकडे मुलीला 'दिल्या घरी सुखी राहा' असा आशीर्वाद देतात. पण ती सुखी नसेल तर तिने कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही. आमच्या बजाजनगरात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून कंपनीतल्या नोकरीसाठी आलेली कुटुंबं राहतात. एका खोलीतला संसार, माहेर कुठेतरी बीड-परभणीकडे. रात्री शेजारी भांडणाचा आवाज चढला की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. 'त्यांच्या घरचं ते बघतील', असंच ना?

ज्या बाईने स्वतःचं माहेर सोडलं आणि सासर कधी केलंच नाही, तिने हा शब्द उचलावा! शावानोच्या त्या पहिल्या भगिनी जशा खेड्यात होत्या, तशाच या पुन्हा खेड्यात गेल्या. मला तर यात व्रत मोडलेलं दिसत नाही, मुळाशी परत गेलेलं दिसतं.

असो. वढूला समाधीच्या दर्शनाला जाल, तेव्हा हेही घर लक्षात असू द्या. आणि आपल्या आळीत कुणी रात्री दार वाजवलं तर 'उद्या बघू' म्हणू नका, एवढंच सांगणं.