पक्ष नसलेली निवडणूक

"नगरपालिकेत राजकारण कशाला हवे? चार भली माणसे निवडून द्यावीत, गटारे, नळ आणि दिवे त्यांच्यावर सोपवावेत, आणि आपण निश्चिंत व्हावे!" दर निवडणुकीला आमच्या कॅम्प नंबर तीनमध्ये हे वाक्य ऐकू येते. कापडाच्या दुकानातला सिंधी शेठ ते म्हणतो, शाळेतले माझे सहकारी म्हणतात, आणि खरे सांगायचे तर मलाही ते गोड वाटते. रस्त्यातल्या खड्ड्याला कुठे पक्ष असतो? पण इतिहास चाळायची मला जुनी खोड आहे. अशी बिनपक्षाची निवडणूक पूर्वी कुठे झाली होती का, आणि झाली तर तिचे काय झाले, हे पाहू लागलो, तेव्हा मला थेट मुंबईच्या फोर्टात जावे लागले. वाचकहो, तुम्हीही थोडा वेळ माझ्याबरोबर चला.

मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. 1865 साली तो आला आणि त्याने शहर झाडून पुसून काढले. त्याच्या नावाचे मार्केट आजही उभे आहे. आता त्याला महात्मा फुले मंडई म्हणतात. पण साहेबाचा हात सढळ, आणि नेमकी त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपून मुंबईच्या कापसाच्या तेजीचा फुगा फुटलेला! घरपट्टी भरणारे खवळले. 1871 मध्ये क्रॉफर्डविरुद्ध गिल्ला चालू असताना सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने लोकांना न रुचणारी गोष्ट सांगितली. दोष एकट्या कमिशनरचा नाही, त्याच्यावर देखरेख करणारी माणसे सरकारने नेमलेली आहेत, ती लोकांनी निवडलेली हवीत, हे त्याचे म्हणणे. हे होते फिरोजशहा मेहता.

पुढच्याच वर्षी, 1872 मध्ये, कायदा झाला. कॉर्पोरेशनात चौसष्ट सभासद; त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी आणि सोळा सरकारने नेमायचे. 1888 च्या कायद्याने संख्या बहात्तर झाली. तो कायदा घडवताना मेहतांच्या जोडीला आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. अध्यक्ष दर वर्षी सभासदांतूनच निवडला जाई. उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव नसे. वकिली, व्यापार, वैद्यकी करणारी प्रतिष्ठित माणसे आपापल्या नावावर उभी राहत. आमच्या शेठला हवी तशी हुबेहूब!

मेहतांनी त्या सभागृहावर अशी पकड बसवली की लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले. 1884, 1885 आणि 1905 अशा तीन वेळा ते अध्यक्ष झाले. अंदाजपत्रकातला आकडान् आकडा त्यांना पाठ. कमिशनरने काही पुढे रेटले की हे आडवे येत. गोऱ्या अधिकाऱ्यांना हा माणूस डोईजड झाला यात नवल नाही.

आता 1907 सालाकडे वळू. मेहता जस्टिसांच्या मतांवर निवडून येत. हे जस्टिस करी कोण? सरकार! त्या यादीत अधिकारी होते, युरोपियन व्यापारी होते, सरकारची मर्जी सांभाळणारे देशी शेठही होते. फेब्रुवारीच्या निवडणुकीआधी अकाउंटंट जनरल हॅरिसन यांनी पुढाकार घेतला. पोलीस कमिशनर गेल त्यांना येऊन मिळाले, आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी लेखणी पुरवली. सोळा जागांसाठी सोळा नावांची एक यादी तयार झाली. तिचा हेतू एकच, मेहता आत येता कामा नयेत. मुंबईच्या इतिहासात या टोळक्याला 'कॉकस' असे नाव पडले.

आणि मजा पाहा, कॉकसची तक्रार काय होती? हीच, की मेहतांनी कॉर्पोरेशनात आपला गट केला आहे, त्यांचे राज्य मोडून स्वतंत्र विचाराची माणसे आली पाहिजेत. म्हणजे गटबाजी मोडण्यासाठी गट! आणि या गटाला नाव नाही, निशाण नाही, जाहीरनामा नाही. पोलीस कमिशनर एखाद्या जस्टिसाला यादी दाखवून "एवढी नावे बघा" म्हणाला, तर त्याला प्रचार म्हणायचे की हुकूम?

मते मोजली तेव्हा मेहता सतरावे आले. निवडून यायचे होते सोळा.

मी कादंबऱ्या लिहितो, पण पुढचा प्रसंग मी कल्पनेने रचला असता तर संपादकांनी मला हसून परत पाठवले असते. सोळाव्या क्रमांकावर आलेल्या गृहस्थाची निवड कायद्याच्या अटींत टिकली नाही, ती रद्द झाली, आणि सतरावे मेहता आत आले. माधवबागेत मोठी निषेधसभा भरली. गोपाळ कृष्ण गोखले मेहतांच्या बाजूने उभे राहिले. पुढे 1911 मध्ये त्याच कॉर्पोरेशनने मेहतांना चौथ्यांदा अध्यक्ष केले. 1913 मध्ये त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र काढले. यादी करणाऱ्यांच्या हाती छापखाना असतो, हा धडा ते विसरले नव्हते.

पण नशिबावर शहर चालत नाही. खरा उपाय झाला तो मतदार वाढवण्याचा. 1922 च्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडे देणाऱ्यालाही मत मिळाले, आणि 1948 ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. मूठभर जस्टिसांना यादी दाखवता येते. चाळीचाळींतल्या हजारो माणसांना ती उघडपणेच सांगावी लागते.

1931 मध्ये अध्यक्षाचा महापौर झाला. पहिले महापौर बोमन-बेहराम. त्या काळात एक संकेत पाळला जाई. महापौरपद हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे पाळीपाळीने फिरावे, मुदत एकच वर्ष. 1945 ते 1948 या वर्षांत डॉक्टर डिसोझा, मोहंमदभाई रावजी, सबावाला, डॉक्टर मस्करेन्हस अशी नावे ओळीने येतात, त्यात ही पाळी स्पष्ट दिसते. युसुफ मेहेरअली 1942 मध्ये महापौर झाले तेव्हा निवडणुकीच्या वेळी ते तुरुंगात होते! पुढे 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने उघड झेंडा घेऊन कॉर्पोरेशन जिंकले, आणि आमच्या पेशातले शिक्षणतज्ज्ञ दोंदे, कम्युनिस्ट मिरजकर, दलित पुढारी बोराळे असे एकामागून एक महापौर झाले. मताला जाताना माणसाला ठाऊक होते, आपण कशाला मत देतो आहोत.

अमेरिकेतही हाच खेळ झाला. तिथल्या सुधारकांनी पक्षांच्या दलालांना विटून मतपत्रिकेवरून पक्षाचे नावच पुसले. लॉस एंजेलिसमध्ये 1909 पासून तसे आहे. शिकागोत 1995 मध्ये कायदा झाला आणि 1999 ची महापौरनिवड पहिल्यांदा बिनपक्षाची झाली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. 2023 मध्ये तिथल्या विद्यमान महापौर लोरी लाइटफुट पहिल्याच फेरीत बाद झाल्या आणि दुसऱ्या फेरीत ब्रँडन जॉन्सन यांनी पॉल वॅलस यांना हरवले. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता. पण जॉन्सन यांच्यामागे शिक्षकांची संघटना होती आणि वॅलस यांच्यामागे पोलिसांची, हे सगळ्या शहराला माहीत होते. पुसले गेले ते फक्त नाव.

आता परत घरी येऊ. आमच्या गावाचा पाया 1949 च्या ऑगस्टात राजगोपालाचारींच्या हस्ते घातला गेला. लष्कराच्या बराकींत निर्वासित राहत होते, आणि बराकींचे कॅम्प पुढे मोहल्ले झाले. इथे नगरसेवक महापौर निवडतात. एक स्टेशन पुढे अंबरनाथ, त्यापुढे बदलापूर. तिथे नगराध्यक्ष थेट मतदार निवडतात. हा थेट निवडीचा नियमही राज्यात येतजात राहिला. 2001 मध्ये आला, मग गेला, 2016 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. पाहुण्यासारखा!

नियम कोणताही असो. "मी कोणत्याच पक्षाचा नाही" असे सांगत कोणी दारात आला, तर त्याला आदराने बसवावे, दिवाळीचा लाडू द्यावा, आणि चहा येईपर्यंत दोन प्रश्न विचारावेत. तुमचे नाव ज्या यादीत आहे, ती यादी कोणी केली? आणि त्या बैठकीला आम्हाला का बोलावले नाही?