आहार, श्रम आणि तराजू : आत्ममापनाच्या इतिहासातील एक प्रश्न

स्वतःचा आहार आणि स्वतःचे शारीरिक श्रम यांची मोजून नोंद ठेवण्याची प्रवृत्ती ही अलीकडील यंत्रयुगाची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः या प्रवृत्तीचा लिखित इतिहास निदान चार शतकांचा आहे. या नोंदीचे स्वरूप व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखे आहे : आहार ही जमेची बाजू आणि शरीरव्यापार ही खर्चाची बाजू. जमेची बाजू मोजणे पहिल्यापासून सुलभ होते. खर्चाच्या बाजूस श्रमाची नोंद कशी करावयाची, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. ज्या ज्या वेळी ही दुसरी बाजू कोरी ठेवून केवळ पहिल्या बाजूवरून शिधा ठरविण्यात आला, त्या त्या वेळी शास्त्रातील अपुरेपणाचे पर्यवसान अन्यायात झाले. या विधानाची ऐतिहासिक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मिताहाराची कल्पना भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहाराच्या मात्रेचा स्वतंत्र विचार आहे. पण ती मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर अवलंबून मानली आहे. व्यायामाची मर्यादाही व्यक्तीच्या शक्तीवरून, म्हणजे तिच्या निम्म्या शक्तीइतकी, सांगितलेली आढळते. येथे मापदंड शरीराच्या आतच आहे. त्यामुळे एकाची मात्रा दुसऱ्यावर लादण्याचा प्रश्न या विचारसरणीत सहसा उद्भवत नाही. युरोपात सोळाव्या व सतराव्या शतकांत जे नवे घडले ते हे की, मापदंड शरीराबाहेर आला आणि त्याचा आकडा झाला.

या स्थित्यंतराचे केंद्र इटलीतील पादुआ हे नगर होते. तेथील लुइजी कोर्नारो याने १५५८ साली संयमित जीवनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. प्रतिदिनी १२ औंस अन्न व १४ औंस द्राक्षमद्य हे त्याचे स्वतःपुरते प्रमाण होते. आप्तमित्रांच्या आग्रहावरून त्याने ते अनुक्रमे १४ व १६ औंसांवर नेले, तेव्हा आपण आजारी पडलो, असे त्याने नमूद केले आहे. कोर्नारोची नोंद बारकाईची असली तरी ती एका सुखवस्तू वृद्धाची नोंद होती. तिच्यात जमा आहे. खर्च जवळजवळ नाही.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पादुआ विद्यापीठातील वैद्यकाचा प्राध्यापक सांतोरिओ सांतोरिओ (१५६१-१६३६) याने केला. तुळईच्या मोठ्या काट्यास टांगलेल्या खुर्चीत बसून त्याने आपले वजन, घेतलेले अन्नपाणी आणि मलमूत्र यांची वर्षानुवर्षे तुलना केली. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात असे प्रतिपादन आहे की, दिवसाकाठी ८ पौंड अन्नपाणी घेतल्यास त्यापैकी सुमारे ५ पौंड भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या बाष्पाच्या रूपाने शरीराबाहेर जातो. ठरीव मात्रेइतके खाऊन होताच खुर्ची किंचित खाली यावी आणि जेवणाऱ्यास थांबण्याची सूचना मिळावी, अशीही योजना त्याने केली होती. त्याच्या ग्रंथात व्यायाम व विश्रांती यांवर स्वतंत्र प्रकरण आहे हे खरे. तथापि या दोहोंचा विचार तो केवळ बाष्परूप उत्सर्जनाच्या वजनातून करतो. काट्यावर शरीर तोलता येते, श्रम तोलता येत नाहीत, ही या पद्धतीची स्वाभाविक मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडली गेली ती १७८९-९० च्या सुमारास पॅरिसमध्ये. आंत्वान लाव्हाझिए व त्याचा सहकारी आर्मां सेगें यांनी श्वसनावर जे प्रयोग केले, त्यांत सेगें स्वतःच प्रयोगविषय झाला होता. विश्रांतीत, भोजनोत्तर आणि पायाने वजन उचलीत असताना त्याने किती प्राणवायू घेतला हे मोजण्यात आले, आणि श्रमाबरोबर प्राणवायूचा खर्च वाढतो हे सिद्ध झाले. श्रम आता प्रथमच आकड्यात आले. विशेष म्हणजे लाव्हाझिए याने त्यातून सामाजिक अर्थही काढला. बाहुबळावर जगणारा गरीब मनुष्य आपल्या शरीराचा व्यय अधिक करतो, म्हणून त्याची अन्नाची गरज अधिक. उलट ज्यास गरज कमी त्या आळशी धनिकाकडे मात्र विपुलता, ही विसंगती त्याने आपल्या निबंधातच दाखवून दिली. शरीरशास्त्र आणि न्यायविचार यांची सांगड येथे पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लिश वैद्य एडवर्ड स्मिथ याने हाच विचार तुरुंगात नेला. लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात कैद्यांना पायऱ्यांचे मोठे चाक पायांनी फिरविण्याची शिक्षा असे. स्मिथ स्वतः त्या चाकावर चढला, तोंडावर मुखवटा बांधून त्याने आपल्या उच्छ्वासातील कर्बवायू मोजला आणि १८५९ साली आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विश्रांतीच्या मानाने चाकावरील श्रमात कर्बवायूचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, असे त्यास आढळले. कैद्याचा शिधा ठरविताना त्याच्याकडून कोणते काम घेतले जाते हे पाहिलेच पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष त्याने स्वतःच्या शरीरावर पडताळला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या परंपरेतील सर्वांत नेटका प्रयोग १८६५ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. आडोल्फ फिक व योहान्नेस व्हिस्लिसेनुस हे दोघे प्राध्यापक फाउलहॉर्न पर्वतावर १,९५६ मीटर चढून गेले. चढण्यापूर्वी व चढताना त्यांनी प्रथिनरहित आहार, म्हणजे पिष्टाच्या तळलेल्या वड्या व साखरेचा चहा, एवढाच घेतला आणि मूत्रातील नत्राचे मोजमाप केले. फिकचे वजन ६६ किलोग्रॅम होते. म्हणजे केवळ शरीर वर नेण्यासच त्याला १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर इतके कार्य करावे लागले. शरीरात जळालेली प्रथिने एवढ्या कार्यास मुळीच पुरली नसती. स्नायूंचे बळ प्रथिनांच्याच व्ययातून येते हे लीबिखचे मत त्यामुळे ढासळले. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू येथे एकाच प्रवासात व एकाच हाताने लिहिल्या गेल्या होत्या.

यानंतर अवघ्या बारा वर्षांनी दख्खनमध्ये काय घडले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील प्रौढ मजुराची मजुरी १ पौंड धान्य आणि वर अल्पशी रोख रक्कम या प्रमाणावर आणली. खडी फोडणे, माती वाहणे यांसारख्या दिवसभराच्या कामाचा हा मोबदला होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी शरीरशास्त्राचा व तुरुंगातील शिध्याचा आधार देऊन या प्रमाणास विरोध केला. कष्ट करणाऱ्या माणसाचा एवढ्यावर निभाव लागणार नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून आपला निषेध नोंदविला, आणि १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासमध्ये हे प्रमाण त्याच वर्षी वाढवावे लागले. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर ज्या संहिता तयार झाल्या त्यांत श्रमाच्या प्रकारानुसार मजुरांचे वर्ग पाडण्यात आले. कामे सोडणाऱ्या मजुरांना लाव्हाझिए किंवा फिक ही नावे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. परंतु खर्चाची बाजू त्यांच्या अंगमेहनतीने लिहिलेली होती आणि तिचा हिशेब त्यांना अचूक कळत होता.

आत्ममापनाची परंपरा पुढे भारतात महात्मा गांधींच्या आहारप्रयोगांत दिसते. १९२९ साली त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याचा वृत्तांत आपल्या साप्ताहिकातून वाचकांपुढे ठेवला आणि प्रकृती खालावल्यावर तो सोडूनही दिला. पुण्याच्या आगाखान महालात १९४२ पासूनच्या स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी दैनंदिन आहाराचे कोष्टक दिले. गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस अशी त्यातील प्रमाणे आहेत. परंतु हे कोष्टक बैठे काम करणाऱ्यांसाठी आहे, असे त्यांनी स्पष्ट केले आहे. आकड्याबरोबर तो कोणत्या जीवनक्रमास लागू आहे हे सांगण्याची ही दक्षता लहानशी वाटली, तरी १८७७ च्या अनुभवानंतर तिचे मोल कमी लेखता येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रमाची बाजूही सर्वांच्या हाती आली. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या पाऊलमापक यंत्राच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता, आणि यंत्राच्या नावातील तो आकडा पुढे आरोग्याचा दंडक म्हणून जगभर रूढ झाला. आज मनगटावरील घड्याळ पावले मोजते आणि खिशातील दूरध्वनी घासांचा हिशेब ठेवतो. सांतोरिओची खुर्ची अशा रीतीने घरोघर पोहोचली आहे. तथापि जुना प्रश्न कायम आहे. ज्याने स्वतःचे शरीर मोजले त्याला आपल्या आकड्याचा संदर्भ ठाऊक असतो. तोच आकडा नियम होऊन दुसऱ्याकडे जातो तेव्हा तो संदर्भ मागे राहतो. म्हणून आहारविषयक कोणत्याही प्रमाणाचा अभ्यास करताना ते कोणाच्या शरीरावरून आणि कोणत्या श्रमाच्या जोडीने काढले गेले, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते. एक पौंड धान्य हे प्रमाण खुर्चीत बसून पुरेसे भासू शकते. खडी फोडणाऱ्याच्या हातून ते तपासले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो.